परमुलखातील बिऱ्हाड आणि मुलांची शाळा

पुण्याच्या चाकण-पिंपरी भागातील मोटारींच्या कारखान्यांतून किंवा हिंजवडीच्या कचेऱ्यांतून जर्मनीतील स्टुटगार्ट शहरी बदलीचा हुकूम यावा, पगार, व्हिसा आणि विमान यांचे प्रश्न यथाकाल सुटावेत, आणि निघायला तीन आठवडे उरले असताना जेवणाच्या पानावर कुणीतरी विचारावे की, ‘पण हिच्या शाळेचे काय?’, हा प्रसंग आता पुष्कळ मराठी घरांतून घडतो. माझ्या भाचीच्या घरी तो घडला तेव्हा तिची मुलगी दुसरीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. पुढे दोनदा त्यांच्याकडे मुक्काम करून, रोज दुपारी शाळेच्या फाटकाशी उभे राहून जे पाहिले, त्यावरून माझे असे मत झाले आहे की हा प्रश्न सर्वांच्या आधी विचारायचा असतो. आणि तो ‘तिथली चांगली शाळा कोणती?’ असा न विचारता ‘मूल किती वर्षांचे आहे आणि आपले बिऱ्हाड तिथे किती वर्षे राहणार?’ असा विचारायचा असतो.

आपल्याकडे शाळा निवडायची म्हणजे मंडळ, माध्यम, फी आणि नावलौकिक यांचा विचार करून मग बसची सोय पाहायची, असा क्रम आहे. जर्मनीत हा क्रम लागू पडत नाही. तेथील शिक्षणाचा कारभार बर्लिनच्या मध्यवर्ती सरकारकडे नसून सोळा घटकराज्यांकडे आहे, आणि त्यामुळे म्युनिकला गेलेल्या स्नेह्याचा अनुभव स्टुटगार्टला गेलेल्या कुटुंबास उपयोगी पडेलच असे नाही. सक्तीच्या शिक्षणाची परंपरा मात्र सर्वत्र सारखीच खोल आहे. प्रशियाच्या राजाने १७१७ मध्ये मुलांना शाळेत पाठविण्याचे फर्मान काढले. १९१९ च्या वायमार राज्यघटनेने ही सक्ती साऱ्या देशास लागू केली. आणि १९२० च्या कायद्याने गरीब-श्रीमंत सर्वांची मुले पहिली चार वर्षे एकाच प्राथमिक शाळेत बसतील अशी तरतूद झाली. या शाळेस ‘ग्रुंडशूले’ म्हणतात. ती सरकारी असते, तीस फी नसते, आणि स्टुटगार्टसारख्या शहरात ती आपल्या पत्त्यावरून ठरते. ज्या वस्तीत घर, त्या वस्तीची शाळा. दुसरीकडे घालायचे तर सबळ कारण दाखवून अर्ज करावा लागतो. म्हणून भाड्याचे घर पाहताना खोल्या आणि रेल्वेस्थानक यांच्याइतकीच त्या वस्तीतील शाळाही जाऊन पाहावी. मूल घरी ठेवून शिकवू, हा मार्ग तेथे कायद्याने बंद आहे. आणि स्वस्त तिकिटाच्या मोहाने सुटीच्या दोन दिवस आधीच मुलांना घेऊन निघालेल्या कुटुंबांची विमानतळावर पोलिसांनी चौकशी केल्याचे प्रसंग बव्हेरियात घडलेले आहेत. दिवाळीस घरी यायचे असेल तर शाळेकडे रीतसर रजेचा अर्ज करावा आणि तो नामंजूर होईल हेही धरून चालावे.

इथवर सारे सोपे आहे. खरी कठीण गोष्ट चौथीच्या वर्षात दडलेली असते. बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे मूल दहा वर्षांचे असतानाच, वाटा फुटतात. विद्यापीठाकडे सरळ नेणारी शाळा ती गिम्नाझियम, दहावीपर्यंत नेऊन तंत्रशिक्षण किंवा पुढील शिक्षण यांसाठी तयार करणारी ती रेआलशूले, आणि त्याखेरीज राज्याराज्यांत निरनिराळ्या नावांनी चालणाऱ्या इतर शाळा. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग येथे ही फाटाफूट सहावीनंतर होते. बव्हेरियात जर्मन भाषा, गणित आणि परिसर-अभ्यास या तीन विषयांच्या गुणांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असावी लागते. आणि तेथे १ हा सर्वोत्तम गुण व ६ हा सर्वांत खालचा, ही गोष्ट शेकड्याच्या हिशेबास सरावलेल्या आपल्या पालकांनी पहिल्याच दिवशी मनात पक्की करावी. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये अलीकडच्या नियमाप्रमाणे गिम्नाझियमसाठी पालकांच्या इच्छेला शिक्षकांचे मत किंवा चौथीत होणारी एक चाचणी यांपैकी एकाचा तरी दुजोरा मिळावा लागतो. तो न मिळाल्यास आणखी एक परीक्षा द्यावी लागते.

आता हिशेब मांडून पाहावा. सहाव्या वर्षी गेलेल्या मुलास या वाटेपर्यंत पोहोचण्यास चार वर्षे मिळतात आणि बालपणाच्या ओघात भाषा आपोआप येते. आठव्या वर्षी गेलेल्या माझ्या नातीस जेमतेम वीस महिने मिळाले. बाराव्या-तेराव्या वर्षी गेलेल्या मुलाची अडचण याहून मोठी असते, कारण त्याला परकी भाषा आणि त्या भाषेतील विज्ञान-इतिहास असे दोन्ही एकाच वेळी उचलावे लागते. आणि गणितात हुशार असलेले मूल केवळ उदाहरणाची भाषा कळली नाही म्हणून मागे राहते, हे पाहताना आईबापांच्या जिवाची जी तगमग होते ती मी जवळून पाहिली आहे. मुक्काम दोन-तीन वर्षांचाच असेल आणि मूल मोठे असेल, तर आंतरराष्ट्रीय शाळा हाच शहाणपणाचा मार्ग होय. देशोदेशी फिरणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचे शिक्षण मध्येच तुटू नये याच हेतूने १९६८ साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट या अभ्यासक्रमाची स्थापना झाली होती. परंतु या शाळांची फी वर्षाकाठी पंधरा-वीस हजार युरोंच्या घरात सहज जाते. आज ती कंपनी भरत असेल. उद्या नेमणूक कायमची होऊन पगार तेथील करारावर गेला की ही सवलत बहुधा थांबते, आणि मग सहावीपर्यंत इंग्रजीत शिकलेले मूल एकाएकी जर्मन शाळेच्या दारात उभे करावे लागते. तेव्हा या सवलतीची मुदत लेखी घेतल्यावाचून तिच्यावर विसंबू नये. दुबईत आपल्या केंद्रीय मंडळाच्या शाळा आहेत, तशी सोय जर्मनीत गृहीत धरता येत नाही.

माझ्या भाचीने वस्तीची सरकारी शाळाच पत्करली. सुदैवाने ती मंडळी जूनच्या पहिल्या आठवड्यातच तिथे पोहोचली. आपले वर्ष एप्रिल-मेमध्ये संपते आणि त्या राज्यातील नवे वर्ष सप्टेंबरच्या मध्यास सुरू होते; मधल्या उन्हाळी सुटीपूर्वीचे सात-आठ आठवडे मूल जुन्या वर्गात नुसते बसते, घंटा कधी होते, डबा कधी उघडायचा, शिक्षिकेस हाक कशी मारायची हे पाहते, आणि त्याच्यावर कसलेही ओझे नसते. पुण्यातली शाळा सुटल्याबरोबर निघणे शक्य असेल तर याच बेताने निघावे.

नव्याने आलेल्या मुलांसाठी तेथे पूर्वतयारीचा स्वतंत्र वर्ग असतो. त्या वर्गात सिरियाची, युक्रेनची, तुर्कस्तानची मुले आणि आमची ही कोथरूडची मुलगी एका टेबलाभोवती बसत. प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी डकवलेली होती: पुल्लिंगी शब्द निळ्या रंगात, स्त्रीलिंगी तांबड्या, नपुंसकलिंगी हिरव्या. इंग्रजीवर वाढलेल्या मुलास वस्तूंना लिंग असते हेच नवल वाटते. मराठी मुलास ते वाटत नाही, कारण तो, ती, ते हे त्याच्या रक्तातच असते. परंतु एके दिवशी ही पोर घरी आली ती रडवेली होऊन. आपल्याकडे ते दार आणि ती खिडकी. तिकडे दारावरची चिठ्ठी तांबडी आणि खिडकीवरची हिरवी, म्हणजे ती दार आणि ते खिडकी! ‘आजोबा, त्यांनी अदलाबदल केली आहे,’ असे ती म्हणाली, आणि मग स्वतःच वहीत दोन रकाने आखून घरातल्या सगळ्या वस्तूंची मराठी व जर्मन लिंगे तिने समोरासमोर लिहून काढली. ती वही अजून तिच्याजवळ आहे. संख्यांच्या बाबतीत तर मराठीने तिला हात दिला. इंग्रजीत आधी वीस आणि मग एक. जर्मनमध्ये आपल्या एकवीस-बावीसप्रमाणे एकक आधी. इंग्रजी माध्यमात असतानाही घरी मराठी अंक म्हणवून घेतलेल्या या मुलीने ते अंक आठवड्याभरात उचलले. म्हणून परदेशी जाताना घरातील मराठी सोडून देऊन मुलाशी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये बोलू लागणाऱ्या पालकांना मी कळकळीने विनवतो की, असे करू नका. शाळेची भाषा शाळा देईल. घरची भाषा तुमच्यावाचून कोणी देणार नाही.

कागदपत्रांविषयी थोडेच सांगतो. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि मागील दोन वर्षांची गुणपत्रके यांची अधिकृत भाषांतरकाराकडून भाषांतरे करून ठेवावीत. गोवराच्या लसीच्या दोन मात्रांचा पुरावा १ मार्च २०२० पासून तेथे शाळेत सक्तीचा आहे. लसीकरणाचे कार्ड सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावे. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंद करावयाची असते, आणि शाळेचे पुढील काम त्या नोंदीच्या कागदावरच चालते. पुष्कळ शाळा दुपारी बारा-एकलाच सुटतात, तेव्हा दोघे नोकरी करणार असतील तर दुपारच्या पाळणाघरासाठी त्याच दिवशी नाव नोंदवावे, कारण तिथे जागा मिळण्यास वाट पाहावी लागते. पाठ्यपुस्तके शाळा वापरण्यास देते. मुलाने पायी आणि होता होईल तो एकट्याने यावे अशी तिची अपेक्षा असते, आणि आठ वर्षांच्या मुलीस एकटीने रस्ता ओलांडू देणे हे माझ्या भाचीला साऱ्या कागदपत्रांहून अवघड गेले.

चौथीच्या फेब्रुवारीत शिक्षिकेने दोघांना बोलावून सांगितले की गणितात मुलगी उत्तम आहे, जर्मनमध्ये अजून वर्षभर हवे आहे, आणि आपली शिफारस रेआलशूलेची आहे. त्या रात्री जावईबापू जेवले नाहीत; दुसऱ्या कुटुंबांतील मुले गिम्नाझियमला निघाली होती. शिक्षिकेचे म्हणणे बरोबर होते असे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो. त्या राज्यात रेआलशूलेतून चांगले गुण मिळविलेल्या मुलास दहावीनंतर व्यावसायिक गिम्नाझियममध्ये जाता येते आणि विद्यापीठप्रवेशाची तीच ‘आबिटूर’ परीक्षा देता येते, हे त्यांनी स्वतः त्या शाळेत जाऊन विचारून घेतले आणि आठवड्याने अर्जावर सही केली. येत्या सप्टेंबरात ती पाचवीत रुजू होईल; शाळा घरापासून बारा मिनिटांच्या अंतरावर आहे.