बेडशाच्या लेण्याचे अंतरंग

विधिमंडळाच्या इमारतीवर आणि शासकीय कागदपत्रांच्या माथ्यावर दिसणारी राजमुद्रा सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शीर्षावरून घेतलेली आहे. मात्र २६ जानेवारी १९५० रोजी ती स्वीकारताना मूळ शीर्षात सिंहांच्या बैठकीखाली असलेले घंटेच्या आकाराचे उलटे कमळ वगळण्यात आले. त्याच परंपरेतले कमळ मावळात, कामशेतहून पवनानगरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या बेडसे गावाच्या डोंगरात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या लेण्यात पाहता येते.

येथील चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले बौद्ध प्रार्थनागृह, कातळाच्या एका भिंतीआड दडलेले असल्याने चिंचोळ्या वाटेतून पुढे गेल्यावरच त्याची ओसरी समोर येते. तिचे स्तंभ सुमारे २५ फूट उंच असून घटासारख्या तळखड्यावर अष्टकोनी खांब, त्यावर घंटाकृती कमळ आणि सर्वांत वर गुडघे टेकून बसलेल्या घोडे, बैल व हत्तींवर आरूढ झालेली स्त्रीपुरुषांची जोडपी, अशी त्यांची रचना आहे. मौर्य स्तंभांवर प्राणी एकटेच असत, येथे त्यांच्या पाठीवर माणसे आली, आणि तीही दागिन्यांनी मढलेली, ऐहिक सुखात रमलेली. विरक्तांच्या निवासाशी हे विसंगत वाटले, तरी दाते मात्र संसारीच होते. ओसरीतल्या एका खोलीच्या दारावरील शिलालेख ती नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या पुत्राचे, पुष्यणकाचे, दान असल्याचे सांगतो, तर पाण्याच्या टाक्यावरील लेखात महाभोज या स्थानिक सत्ताधीशाची कन्या असलेल्या एका महारठिनीचे, म्हणजे महारठी सरदाराच्या पत्नीचे, नाव येते. व्यापारी आणि सत्ताधारी घराणी अशा दोघांचाही पैसा या डोंगरात मुरलेला आहे.

ओसरीच्या या श्रीमंतीपुढे आतील दालन फारच साधे भासते: साधे अष्टकोनी खांब, शेवटी स्तूप आणि वर पिंपासारखे अर्धगोल छत. तथापि हा साधेपणा सर्वस्वी मूळचा नव्हे. छताला पूर्वी लाकडी फासळ्या होत्या, तशा कार्ल्याच्या चैत्यगृहात आजही शाबूत आहेत; येथे त्या उरलेल्या नाहीत. खांबांवर रंगकामही होते. परंतु १८६१च्या सुमारास वरिष्ठांची मर्जी राखण्यासाठी स्थानिक अधिकाऱ्यांनी आतून रंगसफेदी करवल्याने ते झाकले गेल्याचे ब्रिटिशकालीन नोंदींत आढळते. दोन हजार वर्षांच्या ऊनपावसाला जे साधले नाही, ते सरकारी उत्साहाने उरकले.

शेजारचा विहार, म्हणजे भिक्षूंचे निवासस्थान, हा बेडशाचा खरा अपवाद होय, कारण विहार साधारणतः चौकोनी व सपाट छताचे असतात, तर हा चैत्यगृहासारखाच मागे अर्धवर्तुळाकार आणि कमानदार छताचा आहे. लेणी पूर्वाभिमुख असल्याने स्तंभांवर ऊन सकाळी पडते. वरच्या स्वारांचे चेहरे नीट न्याहाळायचे असल्यास दुपारपूर्वी जावे आणि सोबत दुर्बीण ठेवावी.