गुणगुण थांबते, धोका उरतो

अँप्लिफायर चालू केला की गाणं सुरू होण्याआधीच स्पीकरमधून 'हूं' असा एकसुरी आवाज येतो, ही तक्रार घरोघरी असते. त्यावर ओळखीतला कोणीतरी हमखास उपाय सांगतो: प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका. गुणगुण कधी कधी खरोखरच थांबते, आणि म्हणूनच हा सल्ला घातक आहे.

भारतीय प्लगची वरची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड असते. त्यामुळे ती सॉकेटमध्ये सर्वांत आधी जोडली जाते आणि सर्वांत शेवटी सुटते. अँप्लिफायरचा धातूचा डबा या पिनेला जोडलेला असतो. आतल्या वायरचं आवरण खराब होऊन फेज डब्याला टेकली, तर वीज अर्थिंगमधून वाहून जाते आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. पिन काढलेली असेल, तर डबा २३० व्होल्टवर तसाच राहतो आणि व्हॉल्यूमच्या बटणाकडे गेलेला हात त्याला लागतो. काही अँप्लिफायर मुळातच दोन पिनांचे असतात. त्यांच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते, म्हणजे आत दुहेरी इन्सुलेशन आहे. त्यांची गोष्ट वेगळी.

गुणगुणीचं मूळ बहुतेक वेळा जोडणीत असतं. अँप्लिफायर एका बोर्डावर आणि कॉम्प्युटर दुसऱ्या बोर्डावर लावला, की अर्थिंगला दोन वाटा मिळतात. मग ऑडिओ केबलच्या जाळीतून किंचित प्रवाह फिरतो आणि अँप्लिफायर तो ५० हर्ट्झचा आवाज इमानाने मोठा करून ऐकवतो. अशा वेळी सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्यावीत. तरीही आवाज राहिला, तर एकेक केबल काढून पाहावी. टीव्हीच्या केबलची वायर काढल्यावर शांतता झाली, तर दोषी सापडला. तिथे आयसोलेटर बसवता येतो. सगळ्या केबल काढूनही थोड्या चढ्या सुरातली, १०० हर्ट्झची घरघर येतच असेल, तर पॉवर सप्लायचे कपॅसिटर थकले असण्याची शक्यता मोठी. ते काम मेकॅनिकचं.

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या अँप्लिफायरची मागची पट्टी आधी वाचावी. तिथली वीज १२० व्होल्टची. पिनचा कन्व्हर्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. थेट २३० वर लावल्यास फ्यूज उडतो, किंवा ट्रान्सफॉर्मरचं वायंडिंगच जळतं. अशा यंत्राला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि त्याची क्षमता पट्टीवरच्या आकड्यापेक्षा ऐसपैस हवी.

उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणं म्हणजे फ्यूज नसणंच. मूळ रेटिंगचाच फ्यूज घालावा, आणि तोही पुन्हा उडाला तर यंत्र दुरुस्तीला न्यावं.

स्पीकरबद्दल एवढंच. आठ ओहमचे दोन स्पीकर एकाच चॅनलवर समांतर जोडले की भार चार ओहमचा होतो. तो मागच्या पट्टीवरच्या किमान आकड्याखाली जाऊ देऊ नये. शिवाय बंद शोकेसमध्ये अँप्लिफायर तापतो.

हौसेने किट जोडणाऱ्यांसाठी जुन्या मेकॅनिकांची सिरीज बल्बची युक्ती आजही बिनतोड आहे. साधा तारेचा शंभर वॉटचा बल्ब फेजच्या वाटेत सिरीजमध्ये लावून नवं यंत्र सुरू करतात. एलईडी इथे चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, झगझगीत पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे. एवढ्यावर जळीत टळतं. मात्र झाकण उघडताना प्लग काढला म्हणजे झालं, असं समजू नये. एसएमपीएसच्या, म्हणजे स्विचिंग पॉवर सप्लायच्या, मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट काही काळ टिकून असतात.

जुन्या घरांत बोर्डाला तीन भोकं असली, तरी मागे अर्थिंगची वायर जोडलेली असेलच असं नाही. त्यामुळे अँप्लिफायर घरी आणण्याआधी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्यावं, आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर तोही त्याच फेरीत बसवून घ्यावा.