‘मूळच्या कुठल्या?’ : अपरिचितांचे वंशभेदी बोलणे आणि त्यास द्यावयाचे उत्तर

‘तुम्ही भारतात कधी आलात?’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. त्यात शिवी नाही. सर्वनाम आदरार्थी आहे. स्वर बहुधा कुतूहलाचा, क्वचित् आपुलकीचाही असतो. पुणे, बंगळूर किंवा दिल्ली येथे शिक्षणानिमित्त वा नोकरीनिमित्त राहणाऱ्या नागा, मिझो, मणिपुरी किंवा अरुणाचली तरुणतरुणींना मात्र हे वाक्य रिक्षात, दुकानात, रेल्वेच्या डब्यात, सर्वस्वी अनोळखी माणसाकडून पुनःपुन्हा ऐकावे लागते, आणि ते ऐकल्यावर काय बोलावे हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो. या प्रश्नाकडे सामान्यतः शिष्टाचाराचा अथवा मनोधैर्याचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. समयोचित उत्तर सुचले नाही तर तो ऐकणाऱ्याचा भिडस्तपणा, आणि सुचले पण ते कडक निघाले तर तो त्याचा हळवेपणा, असा निवाडा करून लोक मोकळे होतात. वास्तविक या अडचणीचा बराचसा भाग ऐकणाऱ्याच्या स्वभावात नसून वाक्याच्या रचनेत आहे. ती रचना उलगडून पाहणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एखादे वाक्य जे सांगते किंवा विचारते त्याहून निराळे असे काही ते धरून चालते. फ्रेगेने १८९२ मध्ये आणि पुढे स्ट्रॉसन याने १९५० मध्ये या पूर्वगृहीताची चर्चा केली. ‘त्याने विडी सोडली का?’ या प्रश्नास ‘होय’ म्हटले काय किंवा ‘नाही’ म्हटले काय, तो पूर्वी विडी ओढत होता हे दोन्ही उत्तरांत कायम राहते. पूर्वगृहीताचे वैशिष्ट्य हेच की नकार त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ‘भारतात कधी आलात?’ या प्रश्नाने ऐकणारी व्यक्ती मुळात भारताबाहेरची आहे हे धरलेले असते. ‘२०१९ साली’ असे सरळ उत्तर दिले की ते मान्य झाले. ‘नाही’ हे तर या प्रश्नाचे उत्तरच होऊ शकत नाही. डेव्हिड लुईस याने १९७९ मध्ये दाखविले की, संभाषणात कोणी एखादी गोष्ट गृहीत धरून बोलला आणि त्याच क्षणी कोणी हरकत घेतली नाही, तर ती गोष्ट सर्वांना मान्य असल्याप्रमाणे संभाषण पुढे सरकते. गप्प बसल्यानेही संमती नोंदली जाते. तिला वेगळी सही लागत नाही.

म्हणजे पूर्वगृहीत नाकारावयाचे तर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर न देता संभाषणच अडवावे लागते. ‘थांबा, मी भारतातलीच आहे’ असे म्हणावे लागते. येथे सगळा डाव उलटतो. विचारणारा सौम्य शब्दांत बोलला होता. अडविणारी मात्र त्याच्या सौम्य प्रश्नावर तुटून पडल्यासारखी दिसते. जवळ उभे असलेले लोक पूर्वगृहीत ऐकत नाहीत. ते स्वर ऐकतात. ‘एवढे काय मनावर घ्यायचे, त्यांनी सहज विचारले’ हे वाक्य तत्क्षणी तयार असते. अपमान करणारा विनयी आणि अपमानाकडे बोट दाखविणारी उद्धट, असा हा उफराटा न्याय केवळ लोकांच्या दुष्टपणामुळे होत नाही. अपमान वाक्याच्या ज्या भागात ठेवलेला असतो, तो भागच उत्तराच्या मार्गाबाहेर पडतो.

मराठीत ही सोय फार मोठी आहे, आणि ती प्रामुख्याने आपल्या अव्ययांनी केलेली आहे. ‘तुम्हाला मराठी येते’ हे विधान. ‘तुम्हालासुद्धा मराठी येते!’ ही स्तुती. परंतु त्या ‘सुद्धा’ने माणसांची एक उतरंड उभी केली आणि ऐकणारीस तिच्या शेवटच्या पायरीवर बसविले. ‘तुमच्याकडे कुत्रे खातात ना?’ यातील ‘ना’ माहिती विचारीत नाही, होकार वसूल करतो. ‘तिकडे तुमच्या लोकांत लग्नाबिग्नाचे काय असते?’ यातील ‘बिग्न’ हे प्रतिध्वनिरूप घरच्या बोलण्यात निरुपद्रवी. परक्याच्या चालीरीतींविषयी बोलताना तेच त्या चालीरीती विचारात घेण्याजोग्या नाहीत असे सुचविते. कोशात ‘सुद्धा’ किंवा ‘ना’ यांच्यापुढे अपशब्द अशी नोंद कोणी करणार नाही. वंशभेदाचा विचार करताना अभ्यासकाची दृष्टी नामांवर व विशेषणांवर खिळून राहते. पण नित्याच्या व्यवहारातील पुष्कळसे काम अव्यये करतात. तीच गोष्ट सर्वनामांची. ब्राउन व गिल्मन यांनी १९६० मध्ये युरोपीय भाषांतील द्वितीयपुरुषी सर्वनामांत सत्ता आणि सलगी यांचे दोन अक्ष दाखवून दिले. शेजारच्या प्रौढ गिऱ्हाइकास ‘तुम्ही’ आणि त्याच वयाच्या मिझो गिऱ्हाइकास ‘ए, तुला काय पाहिजे?’ असे एकाच दमात म्हणणारा विक्रेता कोणता अक्ष वापरीत आहे, हे निराळे सांगावयास नको.

येथे एक आक्षेप न्याय्य आहे व त्याचा विचार केला पाहिजे. ‘तुमचे गाव कोणते?’ हा मराठी माणसाचा पहिलाच प्रश्न असतो. त्यात संशय नसतो. ओळखीचा एखादा धागा सापडतो का याची चाचपणी असते. मग तोच प्रश्न कोहिमाच्या मुलीस विचारला तर तो वंशभेद का मानावा? याचे उत्तर पहिल्या प्रश्नात नाही, दुसऱ्यात आहे. साताऱ्याच्या माणसाने ‘सातारा’ म्हटले की प्रश्न संपतो व ओळखीपाळखी सुरू होतात. कोहिमाच्या मुलीने ‘कोहिमा’ म्हटल्यावर ‘ते ठीक, पण मूळच्या कुठल्या?’ असे येते. या ‘पण’ने दिलेले उत्तर परत केले. पहिला प्रश्न विचारणाऱ्यास ठाऊक नव्हते. दुसरा विचारणाऱ्यास, ऐकणारी स्वतःविषयी जे सांगते त्याहून आपल्याला अधिक ठाऊक आहे असे वाटते. तेव्हा पहिल्या प्रश्नावर रुष्ट होण्याचे कारण नाही, आणि दुसऱ्या प्रश्नास उत्तर देण्याचे बंधन नाही. अरुणाचली माणसाच्या हिंदीचे कौतुक हाही याच जातीचा प्रकार होय. त्या राज्यात निरनिराळ्या जमातींचे लोक आपसांत बोलताना हिंदीच वापरतात. तेव्हा ‘हिंदी किती छान बोलता!’ हे कौतुक ऐकणाऱ्याच्या भाषेविषयी काही सांगत नाही, करणाऱ्याच्या भूगोलाविषयी सांगते.

उघड अपशब्दाची गोष्ट याहून सोपी असावी असे वाटते. ती तशी नाही. ‘चिंकी’ हा शब्द चिनी लोकांविषयीच्या तुच्छतादर्शक इंग्रजी शब्दावरून हिंदीत रुळला. महाराष्ट्रात मात्र ‘चिंकी’ हे घरोघरी मुलींचे लाडाचे नाव आहे, आणि हटकले असता बोलणारा नेमका याच अर्थाच्या आश्रयास जातो. न्यायसूत्रांत छलाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील वाक्छलात प्रतिवादी वक्त्याच्या शब्दाचा त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ घेऊन त्याचे खंडन करतो. येथे वक्ता स्वतःच्याच शब्दाशी छल करतो. अभिप्रेत अर्थ टाकून अनभिप्रेत अर्थ पुढे करतो. शब्दाचा उगम काढून यावर निर्णय होत नाही. रस्त्याने जाणाऱ्या, नावही ठाऊक नसलेल्या स्त्रीस लाडाचे नाव कोणी कशासाठी द्यावे, हा प्रसंगच अर्थ ठरवितो. २०१२ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना असे कळविले की, ईशान्येकडील अनुसूचित जमातींच्या व्यक्तींस या शब्दाने हिणविल्यास १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली कारवाई व्हावी. उद्देश स्तुत्य होता. तथापि हा कायदा व्यक्तीच्या अनुसूचित असण्यावर उभा आहे. मणिपुरातील मैतेई समाज अनुसूचित जमातींत मोडत नाही. शिवी देणारा मात्र चेहरा पाहून देतो, अनुसूची पाहून नव्हे.

ऐकणाऱ्याच्या प्रतिक्रियेचे माप नेहमी चुकते ते कशामुळे, हेही पाहिले पाहिजे. प्रत्येक अपरिचित माणूस आपले वाक्य प्रथमच बोलत असतो. ऐकणारी ते शंभराव्या वेळी ऐकत असते. एका वाक्याशी ताडून पाहिले तर तिचा राग अवाजवी ठरतो. शंभर वाक्यांशी ताडले तर संयमच अधिक दिसतो. चेस्टर पियर्स या कृष्णवर्णीय अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९७० मध्ये अशा बारीकसारीक, वरकरणी क्षुल्लक आघातांस स्वतंत्र नाव दिले, ते हे साचणे लक्षात घेऊनच.

उत्तराच्या ज्या रीती उपलब्ध आहेत त्यांत भाषिकदृष्ट्या सर्वांत लक्षणीय म्हणजे प्रतिप्रश्न. मराठीत त्यास एक शब्द पुरतो : ‘म्हणजे?’ प्राचीनांनी ज्याला काकु म्हटले त्या स्वरभेदाने हा शब्द भांडणाचाही होतो आणि निर्व्याज जिज्ञासेचाही. जिज्ञासेच्या स्वरात तो उच्चारला की बोलणाऱ्यावर आपले व्यंग्य वाच्य करण्याची पाळी येते. ‘मूळच्या कुठल्या?’ — ‘म्हणजे?’ — ‘म्हणजे... तुम्ही दिसायला...’ येथे बहुतेकांची जीभ अडखळते, कारण जे गृहीत धरून बोलता येते ते उघड विधान म्हणून उच्चारण्याची त्यांची तयारी नसते. दुसरी रीत अशी की, उत्तर देतानाच गृहीत बदलावे : ‘भारतात कधी आलात?’ यावर ‘पुण्यास २०१९ मध्ये आले, दिमापूरहून.’ प्रश्नाचा मान राहिला आणि ‘भारतात’ या पदाच्या जागी ‘पुण्यास’ हे पद आले. ऐकणारा लक्ष देणारा असेल तर त्यास फरक कळतो. नसेल तर काही कळत नाही, हा या रीतीचा दोष.

मात्र या साऱ्या रीती ज्या भाषेत वापरावयाच्या ती भाषा बोलणाऱ्याची असते. समयसूचक उत्तर हे मातृभाषेत सुचते. हिंदी वा मराठी ही जिची तिसरी-चौथी भाषा आहे तिने दोन पळांत ‘काकु’ साधावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. मौन हा अशा वेळी दुबळेपणा नव्हे; अनेकदा ते केवळ हिशेब असते. आणि हा हिशेब काल्पनिक भीतीचा नाही. २९ जानेवारी २०१४ रोजी दिल्लीतील लाजपत नगरात अरुणाचल प्रदेशातील निडो तानिया या तरुण विद्यार्थ्याच्या केसांची व रूपाची दुकानातील लोकांनी टवाळी केली. त्याने संतापून दुकानाची काच फोडली. त्यास मारहाण झाली, आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. टवाळी करणाऱ्यांच्या दृष्टीने ती ‘सहज’च होती. ऑगस्ट २०१२ मध्ये केवळ अफवांच्या धाकाने ईशान्येकडील हजारो लोक बंगळूर सोडून गेले, पुण्याहूनही पुष्कळ गेले. मार्च २०२० मध्ये दिल्लीत एका मणिपुरी स्त्रीस ‘कोरोना’ म्हणून तिच्या अंगावर थुंकण्यात आले. या पार्श्वभूमीवर ‘तोंडावर उत्तर द्यावे’ हा उपदेश करणाऱ्याने, ते तोंड कोणाचे आणि आजूबाजूस किती जण उभे आहेत, हे आधी पाहावे.

जशास तसे हा मार्गही सुचविला जातो. बाहेरच्यांस उद्देशून शब्द सर्वच भाषांत असतात. मणिपुरीत ‘मयांग’, खासीत ‘दखार’, मिझोत ‘वाई’ हे शब्द आहेत, आणि इंफाळात किंवा शिलाँगात राहणाऱ्या मैदानी माणसास ते बोचतात याविषयी शंका नाही. पण ज्या रस्त्यावर ऐकणाऱ्यास तो शब्दच ठाऊक नाही तेथे त्यात बोचण्याचे बळ येत नाही. शब्दाचे बळ त्याच्या अर्थाइतकेच, तो जेथे उच्चारला जातो तेथील बहुसंख्येत असते.

म्हणून उत्तराचे ओझे ज्याला सर्वांत हलके पडते तो माणूस निराळाच आहे. जवळ उभा असलेला तिऱ्हाईत. रे लँग्टन हिने अलीकडे असे प्रतिपादिले आहे की, पूर्वगृहीत वेळीच अडविले तर ते वापरून केलेली भाषिक कृतीच फसते, आणि हे अडविणे संभाषणातील कोणीही करू शकतो. अडविणारा तिऱ्हाईत असेल तर त्याच्यावर हळवेपणाचा आरोप येत नाही, आणि त्याची भाषाही बहुधा बोलणाऱ्याचीच असते. ‘अहो, कोहिमा भारतातच आहे, त्यांनी सांगितले की’ एवढे वाक्य रांगेतील कोणी म्हटले तरी काम होते. २००७ मध्ये दिल्ली पोलिसांनी काढलेल्या पुस्तिकेत ईशान्येकडील विद्यार्थ्यांनी कपडे कसे घालावे व उग्र वासाचे पदार्थ रांधताना कोणती काळजी घ्यावी याचे धडे दिले होते. त्यांच्या शेजाऱ्यांनी काय बोलू नये याचे धडे द्यावेत असे त्या वेळी सुचले नाही. निडो तानियाच्या मृत्यूनंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने जुलै २०१४ मध्ये दिलेल्या अहवालात, वंशावरून अपमान करणारा शब्द वा हावभाव दंडनीय ठरविणारे कलम सुचविले. निदान दृष्टी ऐकणाऱ्यावरून बोलणाऱ्याकडे वळली.

तिऱ्हाइताच्या वाक्याविषयी एक सूक्ष्म गोष्ट मात्र मराठीच्या अभ्यासकास सांगितली पाहिजे. मराठीत ‘आम्ही’ श्रोत्यास वगळते आणि ‘आपण’ त्यास सामावून घेते. त्यामुळे मदतीस धावलेला सज्जन माणूस सहजच म्हणतो, ‘अहो, त्या आपल्याच आहेत.’ हे वाक्य बोलणाऱ्याकडे तोंड करून म्हटलेले असते. ‘आपल्या’त तो आहे आणि सज्जन आहे, जिच्याविषयी हे चालले आहे ती तृतीय पुरुषात उभी आहे, आणि तिचे येथले असणे दोघांनी मिळून मान्य केल्यामुळे सिद्ध झाल्यासारखे दिसते. तेच वाक्य तिच्याकडे वळून, ‘आपला नंबर आला, चला’ असे म्हटले गेले तर ‘आपण’ या सर्वनामात ती आपोआप येते, आणि तिच्या मूळ गावाची चर्चा करण्याचे कोणास कारण उरत नाही.