बर्फात मळलेल्या वाटेचा भरवसा नाही

रविवारी पहाटे कल्याणच्या एसटी स्थानकात मुरबाडच्या गाडीपाशी पाठपिशव्यांची गर्दी होते. कुणी गोरखगडाला निघालेले असते, कुणी माळशेजकडे. ठाणे-डोंबिवलीहून कसारा लोकल पकडलेली मंडळी आसनगावला उतरून माहुलीची चढण धरतात. यांतल्या काहींचे पाय पुढे हिमालयाकडे वळतात. आधी ट्रेक, मग गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स, मग अ‍ॅडव्हान्स. थोड्या जणांना त्याहीपुढे स्कीइंगची ओढ लागते.

स्कीइंगचे पहिले धडे गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थेत किंवा मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेत गिरवता येतात. पुढची पायरी ‘बॅककंट्री’ची. तिथे वर नेणारा पाळणा नाही आणि आखून दिलेला उतारही नाही. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवून डोंगर स्वतःच्या पायांनी चढायचा. पट्टीचे केस स्की पुढे सरकू देतात, मागे घसरू देत नाहीत. पूर्वी या पट्ट्या सील या प्राण्याच्या कातड्याच्या असत, म्हणून नाव आजही ‘स्किन’. माथ्यावर पट्टी काढायची, चढताना मोकळी ठेवलेली टाच अडकवायची आणि कुणी न तुडवलेल्या बर्फावरून खाली यायचे.

सह्याद्रीत घडलेल्या माणसाकडे दम असतो, दोराचा सराव असतो, उंचीची भीती मोडलेली असते. हे सगळे बर्फात कामी येते. पण सह्याद्रीनेच लावलेल्या तीन सवयी तिथे सोडाव्या लागतात.

पहिली सवय कड्याला भिण्याची. आपल्याकडे जितका कडा उभा, तितका धोका जास्त. बर्फाचे गणित वेगळे आहे. फार उभ्या भिंतीवर बर्फ साठतच नाही, थोडा थोडा गळून जातो. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर मात्र तो थरावर थर चढवत बसतो. खालचा एखादा थर साखरेसारखा भुसभुशीत असला आणि वरचा घट्ट पाट्यासारखा, की एका माणसाच्या वजनानेही अख्खा पाटा सुटू शकतो. हिमस्खलनात सापडणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ते स्खलन त्यांनी किंवा त्यांच्याच सोबत्याने सुरू केलेले असते.

दुसरी सवय मळलेल्या वाटेवर विसंबण्याची. रानात चुकलेल्याला पायवाट घरी आणते. बर्फातल्या खुणा एवढेच सांगतात की आधी कुणी तरी इथून गेले. पाच जण सुखरूप उतरलेला उतार सहाव्याखाली तुटू शकतो, कारण थर सगळीकडे सारखा जाड नसतो आणि पातळ जागी पडलेला भार खालच्या कच्च्या थरापर्यंत पोहोचतो.

तिसरी सवय हवा उघडली की निघण्याची. वादळानंतरची पहिली निळी सकाळ मोहात पाडते आणि तीच घातक ठरते. ताजा बर्फ अजून बसलेला नसतो, वाऱ्याने एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला रचलेला असतो, त्यात ऊन चढते. पायाखालून ‘धप्प’ असा दबका आवाज आला, बर्फावर तडे पळत गेले किंवा शेजारच्या उतारावर ताजे स्खलन दिसले, तर मागे फिरायचे. ऑफिसची रजा संपत आलेली आणि परतीचे तिकीट खिशात असताना हेच सर्वांत अवघड जाते.

हे धडे अनुभवींनाही चुकत नाहीत. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेची अ‍ॅडव्हान्स कोर्सची तुकडी द्रौपदी का डांडा या शिखरावर हिमस्खलनात सापडली. प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक मिळून २९ जण गेले. त्यांत सविता कंसवाल होती. त्याच वर्षी मे महिन्यात तिने १६ दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरे सर केली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुलमर्गच्या अफरवट परिसरात दोन पोलिश स्कीपटूंचा असाच मृत्यू झाला.

गाडल्या गेलेल्या माणसासाठी मदत दरीतून वर येईपर्यंत फार उशीर होतो. स्वित्झर्लंडमधील अपघातांवरच्या १९९४ सालच्या अभ्यासात १५ मिनिटांपर्यंत जगण्याची शक्यता ९२ टक्के होती, ३५ मिनिटांनी ती ३० टक्क्यांवर आली. २०२४ सालच्या अभ्यासाने तर पहिली सुरक्षित मुदत १० मिनिटांवर आणली. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर ४५७ किलोहर्ट्झवर संदेश देणारा बीकन, पिशवीत जोडून लांब होणारी शोधकाठी आणि धातूचे फावडे हवे. यांतली एक वस्तू कमी असेल तर उरलेल्या दोन अपुऱ्या पडतात. उतरताना एकेकाने उतरायचे, बाकीच्यांनी आडोशाच्या जागेवरून नजर ठेवायची. एक अडकला तर शोधायला हात मोकळे राहतात.

यातला बराच सराव घराजवळ होतो. कापडात गुंडाळलेला बीकन मैदानातल्या वाळूत पुरून घड्याळ लावून शोधता येतो. मलंगगडाच्या गवताळ उतारापाशी थांबून उताराचा कोन आधी डोळ्यांनी सांगायचा आणि मग मोबाइल उतारावर टेकवलेल्या काठीला लावून मोजायचा. ‘पंचेचाळीस’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या नवख्याला पडद्यावर बऱ्याचदा तिशीच्या आसपासचा आकडा दिसतो. मग सगळे दहा पावले पुढे सरकतात आणि पुढच्या उताराचा अंदाज सांगतात.