दत्ता भगत : नांदेडच्या मातीतला नाटककार
दत्ता भगत यांचा जन्म 1945 साली नांदेड जिल्ह्यात झाला. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात त्यांनी मराठी शिकवले. पुढे औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभागाची धुरा सांभाळली. नाट्यलेखन या अध्यापनाच्या जोडीनेच चालू राहिले.

मराठवाड्यात दलित नाटकाचा पाया आधीच पडला होता. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक 1956 च्या सुमारास रंगमंचावर आले. खेड्यापाड्यांत आंबेडकरी जलसे होत होते, तर आजच्या लोहा तालुक्यातल्या माळेगावी खंडोबाच्या यात्रेत तमाशाचे फड उतरत. गण-गौळण, बतावणीवर पोसलेला हा प्रेक्षक होता. 'आवर्त' या एकांकिकेसाठी भगतांनी लोकनाट्याचाच घाट निवडला, तो म्हणूनच उपरा वाटत नाही.

27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव मंजूर केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्याला त्याची झळ फार बसली. 1972 साली स्थापन झालेली दलित पँथर ही संघटनाही तोवर फुटली होती. हा काळ मनात ठेवून भगतांचे 'वाटा-पळवाटा' हे नाटक वाचावे लागते.

1980 च्या दशकातले हे नाटक भगतांचे सर्वांत महत्त्वाचे. बाबासाहेबांच्या चळवळीत आयुष्य घालवलेले काका, शिकून प्राध्यापक झालेला सतीश आणि संघर्षाची भाषा बोलणारा तरुण अर्जुन, अशा तीन पिढ्या त्यात एकमेकांना जाब विचारतात. सतीशची पत्नी हेमा ब्राह्मण आहे. त्यामुळे वाद घरातही शिरतो. अन्याय करणारा आणि सोसणारा एवढ्यावर न थांबता भगतांनी चळवळीतले मतभेद उघड्यावर मांडले. यातले धाडस मोठे आहे, कारण समोरचा प्रेक्षक बऱ्याचदा त्याच चळवळीतला असे. शिवाय तिघांपैकी कोणालाही त्यांनी खोटे पाडलेले नाही.

'अश्मक' आणि 'खेळिया' ही त्यांची आणखी दोन नाटके. 'दलित साहित्य : दिशा आणि दिशांतर' हे समीक्षेचे पुस्तकही त्यांच्या नावावर आहे. 2001 साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रकाशनाने समकालीन भारतीय नाटकांचा संग्रह काढला. एरिन मी यांनी संपादित केलेल्या या संग्रहात 'वाटा-पळवाटा'चे इंग्रजी भाषांतर आहे. मराठवाड्यातल्या महाविद्यालयीन नाट्यसंघांनी मूळ मराठी नाटक पुन्हा बसवायला घ्यावे. त्यातले प्रश्न अजून मिटलेले नाहीत.