विलायतेतील विद्यार्थ्याचे वीस तास

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या कापूस पिकविणाऱ्या घरातला मुलगा उच्च शिक्षणासाठी विलायतेस निघाला, म्हणजे घरच्या मंडळींच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते त्यात भव्य ग्रंथालय असते, बर्फ असते आणि एका कोपऱ्यात 'पार्ट टाइम' नोकरीही असते. ह्या नोकरीविषयीची कल्पना मात्र बहुधा ऐकीव. तेथे काम करून मुलगा आपला खर्च आपणच भागवील, फार काय, घरचे कर्जही फेडू लागेल, असा हिशेब पुष्कळ घरांत मांडला जातो आणि त्याच्या भरवशावर मोठाल्या रकमा उचलल्या जातात. हा हिशेब कितपत खरा, हे पाहावयाचे तर त्या विद्यार्थ्याच्या आठवड्याचे तास मोजले पाहिजेत.

ब्रिटनमध्ये पदवीच्या किंवा पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यास सत्र चालू असता आठवड्यास २० तासांहून अधिक काम करता येत नाही. आठवडा म्हणजे सोमवार ते रविवार. ह्या आठवड्यात २५ तास आणि पुढच्यात १५ तास, अशी सरासरी तेथे चालत नाही. एकाच आठवड्यात मर्यादा ओलांडली तरी तो परवान्याचा भंग ठरतो आणि शिक्षण अर्ध्यावर टाकून परतण्याची पाळी येऊ शकते. दोन ठिकाणी काम केले तरी दोन्हींचे तास मिळून वीसच. स्वतंत्र धंदा करण्यास मनाई असल्यामुळे, सायकलवरून लोकांच्या घरी जेवण पोहोचविण्याचे जे काम कंत्राटदार म्हणून करावे लागते, तेही वर्ज्य होय. सुट्टीत पूर्णवेळ काम करण्याची मुभा आहे खरी. परंतु एका वर्षाच्या एम्. ए. किंवा एम्. एस्सी. च्या विद्यार्थ्यास उन्हाळ्यात प्रबंध लिहावयाचा असतो आणि तो काळ सुट्टीत धरला जात नाही. उन्हाळ्याच्या कमाईवर ज्यांनी भिस्त ठेवलेली असते, त्यांना ही गोष्ट बहुधा तेथे गेल्यावरच उमगते.

आता पैशाचे पाहू. २०२५ च्या एप्रिलपासून २१ वर्षे व त्यावरील कामगारास ब्रिटनमध्ये तासाला किमान १२ पौंड २१ पेन्स देणे मालकावर बंधनकारक झाले. वीस तासांचे २४४ पौंड होतात; महिन्याची सरासरी सुमारे १,०५८ पौंड. रुपयांत मांडली की ही रक्कम एक लाखाच्या वर जाते आणि ऐकणाऱ्याला मोठी वाटते. पण त्याच वर्षाच्या आरंभी ब्रिटिश सरकारने विद्यार्थ्याच्या निर्वाहासाठी दरमहा किती रक्कम हाताशी असली पाहिजे हे ठरविले, ते आकडे लंडनबाहेर १,१३६ पौंड आणि लंडनमध्ये १,४८३ पौंड असे होते. म्हणजे एकही तास न चुकविता, एकही दिवस आजारी न पडता राबले, तरी सरकारने धरलेला किमान खर्चही त्यातून भागत नाही. विद्यापीठाची फी तर ह्या हिशेबात आलेलीच नाही. शिवाय वीस तास ही मर्यादा आहे, हमी नव्हे. अनेक दुकानदार व उपाहारगृहांचे चालक तासांची शाश्वती नसलेला करार करतात. गिऱ्हाईक असेल तेव्हा बोलावणे येते, नसेल तेव्हा येत नाही.

जर्मनीचा प्रकार वेगळा आहे. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. परंतु २०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षाच्या निर्वाहाचे ११,९०४ युरो आधीच एका बंद खात्यात ठेवावे लागू लागले. त्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते. कामाची मोजणी तेथे वर्षाकाठी दिवसांत होते: २०२४ च्या मार्चपासून १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. ह्या पद्धतीत परीक्षेच्या महिन्यात काम बंद ठेवून पुढे भरून काढता येते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही रीत अधिक शहाणपणाची म्हटली पाहिजे. मात्र जर्मन भाषा थोडीबहुत आल्यावाचून साधेसुधे काम मिळणेही कठीण.

एवढे झाल्यावर दिवस कसा जातो हे सांगणे सोपे आहे. वर्गातील व्याख्याने आठवड्यास दहाबारा तासांचीच असतात, त्यामुळे नवख्या विद्यार्थ्यास वाटते की रिकामा वेळ पुष्कळ. पण प्रत्येक व्याख्यानामागे वाचनाची लांबलचक यादी असते आणि टिपणे पाठ करून तेथे निभत नाही. पाठ्यपुस्तक सोडून दहा ग्रंथ चाळावयाचे, परस्परविरोधी मते पारखावयाची आणि आपले मत साधार मांडावयाचे, ही सवय आपल्याकडील महाविद्यालयांत फारशी लागलेली नसते. ती अंगवळणी पडण्यात पहिले तीनचार महिने निघून जातात. नेमक्या त्याच महिन्यांत काम शोधावयाचे असते. डिसेंबरात लंडनला चार वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो. यवतमाळच्या पंचेचाळीस अंशांच्या आसपासच्या उन्हात वाढलेला मुलगा अंधारात दुकानाकडे निघतो, रात्री अकराला परततो आणि मग निबंध उघडतो.

स्वयंपाकघर सामाईक असते. पाचसहा जणांत एक शेगडी, शीतकपाटात प्रत्येकाचा एकेक कप्पा. घरून नेलेली तुरीची डाळ आणि तिखट पहिले काही आठवडे पुरते. फोडणीचा धूर छतावरच्या धोक्याच्या घंटेस मानवत नाही. ती वाजू लागली की सारी इमारत रस्त्यावर येऊन उभी राहते, म्हणून फोडणी देताना खिडकी उघडण्याची शिस्त प्रत्येक मराठी विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात शिकतो. ज्याने घरी स्वतःचे ताट कधी उचलले नाही, तो तेथे दुसऱ्यांच्या बशा घासून मजुरी घेतो. ह्यात कमीपणा कोणी मानीत नाही. शेजारी तेच काम करणारा मुलगा कदाचित तेथल्याच एखाद्या सुखवस्तू घरातला असतो.

अशा रीतीने शिकणे मराठी माणसाला नवे नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या वर्धा नदीच्या पलीकडे जन्मलेले डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे ह्या शतकापूर्वीच्या काळात अमेरिकेत गेले, मिळेल ती मजुरी करीत शेतकीशास्त्र शिकले आणि तेथील हिंदी मजुरांत मिसळून गदर चळवळीच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांपैकी एक झाले. पुढे मेक्सिकोत त्यांनी मक्याच्या सुधारित वाणांवर काम केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा मार्ग निराळा होता. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ साली न्यूयॉर्कला गेले. तिची मुदत संपताच १९१७ साली लंडनचा अभ्यास अपुरा टाकून त्यांना परतावे लागले. १९२० साली स्वतःची शिल्लक, मित्राचे कर्ज आणि शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या बळावर ते पुन्हा गेले. त्यांनी अधिक तास मिळविले ते मजुरी करून नव्हे, तर पोटाला चिमटा घेऊन. दिवसचे दिवस ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात काढून. लंडनमधील ज्या घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले, ते महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले.

ज्याला अशी शिष्यवृत्ती नाही त्याला बँकेचे दार ठोठवावे लागते आणि येथे शेतकऱ्याच्या मुलाची खरी अडचण सुरू होते. मोठ्या शैक्षणिक कर्जास तारण लागते, आणि घरात दहा एकर काळी जमीन असली तरी बँका ती सहसा तारण म्हणून स्वीकारीत नाहीत; कारण कर्जवसुलीच्या २००२ च्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. बँकेला शहरातले घर, प्लॉट किंवा मुदतठेव हवी असते. मग काकांचे यवतमाळातील घर, मामांची ठेव यांच्यावर कर्ज उभे राहते. असा मुलगा परदेशी दुकानात उभा असतो तेव्हा त्याच्या खांद्यावर तीन घरांचे ओझे असते. मालकाने हळूच सांगितलेले विसाव्या तासानंतरचे रोखीचे काम नाकारणे त्यालाच सर्वांत जड जाते आणि पकडले गेल्यास सर्वांत अधिक तोच गमावतो. फोनवर घरी तो ह्यातले काही बोलत नाही. जेवलास का, ह्या प्रश्नाला हो म्हणतो.

म्हणूनच शिष्यवृत्तीचा प्रश्न हा हुशारीच्या बक्षिसाचा नसून तासांचा आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांस फी, निर्वाहभत्ता व प्रवासखर्च देते. ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग शिष्यवृत्ती एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासाचा भार उचलते. बुलढाणा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातले राजू केंद्रे ह्याच चिव्हनिंगवर २०२१ साली लंडनच्या सोआस विद्यापीठात गेले. त्यांनी २०१७ साली यवतमाळात सुरू केलेली 'एकलव्य' ही संस्था खेड्यापाड्यांतील, घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेल्या मुलामुलींना नामांकित विद्यापीठांच्या प्रवेशासाठी तयार करते. मुंबई-पुण्याच्या मुलाला जी माहिती घरबसल्या मिळते, ती आर्णी-घाटंजीच्या मुलाला मिळण्यासाठी कोणीतरी सांगणारा लागतो. चिव्हनिंगला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि तिचे अर्ज आदल्या वर्षीच्या पावसाळ्यातच सुरू होतात. तेव्हा पदवीचा निकाल हाती आल्यावर चौकशीस लागणाऱ्याला निदान तीन वर्षांचा अवधी हिशेबात धरावा लागतो.