फुगा, जाळी आणि औषध : स्टेंटची रचना अशी का?

मागच्या व्याख्यानात आपण हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद का होतात ते पाहिलं. आज त्या उघडायच्या कशा ते बघू, पण डॉक्टरच्या नजरेने नाही, ही वस्तू बनवणाऱ्या कारागिराच्या नजरेने. "बाबांना दोन स्टेंट टाकले" असं आपण सहज सांगतो. ती वस्तू नेमकी काय आहे, आणि ती टाकल्यावर गोळ्या का थांबवायच्या नाहीत, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. त्या गोळ्यांपर्यंतच आपल्याला पोचायचं आहे.

सुरुवात पायापासून झाली. १९६४ साली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात चार्ल्स डॉटर यांनी एका वृद्ध बाईंच्या पायातली अरुंद रोहिणी, एकापेक्षा एक जाड नळ्या आत सारून रुंद केली. अडचण अशी की जेवढी रुंदी हवी तेवढ्याच जाडीची नळी बाहेरून घालावी लागायची. झुरिकच्या आंद्रेआस ग्रुन्त्सिग यांनी वेगळा विचार केला : जाताना बारीक जायचं आणि आत पोचल्यावर मोठं व्हायचं. म्हणजे फुगा!

पण फुगा कसला? जत्रेतला लांब रबरी फुगा घ्या आणि मध्ये बोटांनी दाबून धरा. दाबलाय तिथे तो फुगत नाही, दोन्ही बाजूंना टम्म होतो. रक्तवाहिनीतही हेच होईल. कठीण थर तसाच राहील आणि शेजारची चांगली भिंत विनाकारण ताणली जाईल. म्हणून न ताणलं जाणारं प्लॅस्टिक हवं. ठरलेल्या व्यासापर्यंत फुगेल, मग दाब वाढवला तरी फारसं वाढणार नाही असं. ग्रुन्त्सिग यांनी घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर असे पीव्हीसीचे फुगे बनवले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्यांनी एका ३८ वर्षांच्या, पूर्ण जाग्या असलेल्या माणसाच्या हृदयाच्या रोहिणीत असा फुगा पहिल्यांदा फुगवला.

आजचा फुगा बहुधा नायलॉनच्या जातीचा असतो. मिटलेल्या छत्रीसारखा तो नळीभोवती गुंडाळलेला असतो आणि आधी आत सारलेल्या बारीक तारेवरून पुढे सरकतो. त्यात हवा भरत नाहीत. तो फुटलाच तर हवेचा बुडबुडा रक्तात जाऊन जिवावर बेतेल. म्हणून सलाइन आणि क्ष-किरणांत दिसणारं द्रव्य यांचं मिश्रण भरतात. दाब किती? गाडीच्या टायरमध्ये वातावरणाच्या दोन-सव्वादोन पट असतो. इथे आठ ते वीस पट. तोही काही सेकंदच, कारण फुगा फुगलेला असताना रक्त अडलेलं असतं!

आता फुग्याचा दोष. फुग्याने वाहिनी उघडते म्हणजे तिथला थर चिरतो, भिंत ताणली जाते. खरं तर ती एक जखमच असते. ताणलेली भिंत परत आत येते, जखम भरताना पेशी वाढतात. नुसता फुगा वापरलेल्या साधारण दर तीन रुग्णांपैकी एकाची वाहिनी काही महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायची.

मग आतून टेकू द्यायची कल्पना आली. १९८६ मध्ये फ्रान्समध्ये आणि स्वित्झर्लंडमध्ये माणसाच्या हृदयाच्या रोहिणीत पहिले स्टेंट बसवले गेले. पुढे गाजला तो हुलिओ पाल्माझ यांचा. स्टीलची बारीक नळी घ्यायची आणि तिला लांबट चिरा पाडायच्या. आतून फुगा फुगवला की प्रत्येक चीर उघडून शंकरपाळ्याच्या आकाराची होते. स्टीलची तार वाकवली की वाकलेलीच राहते, तसंच हे. फुगा निघून येतो, जाळी तिथेच राहते. पण ही नळी ताठ होती, वळणावर जाईना. तेव्हा रिचर्ड शॅट्झ यांनी दोन छोटे तुकडे एका बारीक पुलाने जोडायला सुचवलं. आजही स्टेंट म्हणजे नागमोडी कड्यांची मालिकाच असते. कड्यांमधले सांधे कमी केले तर तो छान वळतो, पण फटी मोठ्या राहतात. वाढवले तर आधार चांगला, पण ताठरपणा येतो. त्यात हृदय दिवसाला सुमारे लाखभर वेळा धडधडतं. दहा वर्षांचे म्हणजे जवळजवळ चाळीस कोटी ठोके जाळीने न तुटता सोसले पाहिजेत.

(श्रोत्यांतून प्रश्न : पायातही हाच स्टेंट चालतो का?) चांगला प्रश्न. मांडीतली वाहिनी चालताना वाकते, पिळली जाते. तिथे हाच स्टेंट चेपला तर चेपलेलाच राहील. म्हणून निकेल आणि टायटॅनियमचा नायटिनॉल हा मिश्रधातू वापरतात. दाबला तरी तो पुन्हा मूळ आकारात येतो.

जाळीने भिंतीचं परत येणं थांबवलं. पेशींची वाढ मात्र थांबेना. त्या जाळीतून आत येऊ लागल्या. उत्तर आलं इस्टर बेटाच्या मातीतून. तिथल्या जिवाणूंपासून मिळालेल्या सिरोलिमस या औषधावर सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने अनेक वर्षं काम केलं होतं. हे औषध पेशींची वाढ रोखतं. त्याचा लेप दिलेला स्टेंट १९९९ मध्ये ब्राझीलमध्ये पहिल्यांदा माणसात बसवला गेला आणि पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण एकदम खाली आलं.

पण आता नीट ऐका. जे औषध नको असलेल्या पेशी रोखतं, तेच हव्या असलेल्या पेशीही रोखतं. जाळीच्या काड्यांवर वाहिनीचं नाजूक अस्तर चढायला वेळ लागतो. तोपर्यंत धातू रक्तात उघडा असतो आणि उघड्या धातूवर रक्त गोठू शकतं. काड्या पातळ केल्याने हा धोका घटला. पूर्वी त्या १४० मायक्रॉनच्या आसपास असत, आज कोबाल्ट-क्रोमियमच्या ६० ते ८०, म्हणजे केसाएवढ्या. तरीही धोका शून्य झालेला नाही.

म्हणूनच त्या दोन गोळ्या, अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जोडीची दुसरी. भारतात २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आली. औषधी स्टेंट तेव्हा २९,६०० रुपयांवर आणला गेला. पण स्वस्त असो की महाग, अस्तर येईपर्यंत त्याची राखण या गोळ्याच करतात. "आता बरं वाटतंय", "दात काढायचाय", "गोळ्या संपल्या, पुढच्या महिन्यात आणू" असं म्हणून त्या परस्पर बंद करू नका. किती महिने घ्यायच्या ते प्रत्येकाचं वेगळं असतं आणि ते तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांनीच ठरवायचं. कारागिराने आपलं काम केलेलं आहे, उरलेलं आपल्या हातात आहे.